कार्पेटच्या पलीकडचा हिशेब

मुंबईत बिल्डरशिवाय सोसायट्यांनी स्वतः उभारलेल्या, म्हणजे स्वयंपुनर्विकसित इमारतींच्या चावीवाटपाचे फोटो छापून आले की सोसायट्यांच्या सभांत एकच विषय निघतो : कार्पेट एरिया किती वाढणार? स्वयंपुनर्विकासाच्या २०१९च्या शासन निर्णयातल्या सवलती सभासदांना आता तोंडपाठ आहेत. पण बिल्डरला बाजूला सारून वाचवलेला पैसा महागड्या आराखड्यात जिरणार असेल, तर साधलं काय?

बार्सिलोनाच्या सान्त्स भागातल्या ‘ला बोर्दा’ या गृहनिर्माण सहकारी संस्थेकडे, आराखड्यातच बचत कशी होते हे कळण्यासाठी, नीट पाहायला हवं. जमीन महापालिकेची, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. २०१८मध्ये तिथल्या २८ घरांत माणसं राहायला आली. ‘लाकोल’ ही वास्तुरचनाकारांची संस्थाही सहकारीच. आराखडा तिने सभासदांबरोबर बसून ठरवला आणि बचत तिथेच झाली. तळघरातलं पार्किंग काढून टाकलं, म्हणजे खोदकाम आणि रॅम्पचा खर्च गेला. सायकलींना जागा मिळाली. कपडे धुण्याची यंत्रं एका सामाईक खोलीत आली. पाहुण्यांच्या खोल्याही सामाईक. त्यामुळे ४० ते ७५ चौरस मीटरची घरं पुरेशी ठरली. मधल्या चौकावर पारदर्शक छत आहे. हिवाळ्यात ते ऊन धरून ठेवतं, उन्हाळ्यात उघडून गरम हवा बाहेर सोडतं. घरं विकता येत नाहीत, सभासदाला फक्त वापराचा हक्क असतो. म्हणून सट्टेबाजीही नाही.

मुंबईत हे जसंच्या तसं चालणार नाही. इथे प्रकल्पाचा खर्च विक्रीच्या फ्लॅटमधून निघतो, पार्किंगचे नियम आहेत आणि सामाईक धुणं कुणाला रुचेलच असं नाही. पण पाहुण्यांची खोली, वाळवणाला गच्ची, मुलांना अभ्यासाची जागा, ज्येष्ठांना लिफ्टजवळ बाक ही यादी सभासदांनीच करायला हवी. तीही प्लॅन पालिकेत जाण्याआधी. घरात दिवसभर वावरणाऱ्या बायकांना त्या बैठकीत पहिल्यांदा बोलू द्या. आज त्यांच्यापुढे तयार नकाशा येतो आणि विचारलं जातं ते टाइल्सच्या रंगाचं.

शिवाय जिम, क्लबहाऊस, काचेची लॉबी अशा प्रत्येक सुविधेपुढे तिचा दरमहा मेंटेनन्स लिहा आणि मगच मतदान घ्या. पेन्शनवर जगणाऱ्या सभासदाला नव्या घराची चावी मिळाली, पण मेंटेनन्स झेपेना म्हणून ते विकावं लागलं, तर त्या स्वयंपुनर्विकासाला यशस्वी म्हणता येणार नाही.