साथीच्या काळातील बालसंगोपन : लेखांक ६ – कुलूप लागलेली अंगणवाडी

आजारी मुलाला वेगळ्या खोलीत ठेवणे, मुलांचे लहान व एकमेकांत न मिसळणारे गट करणे, खेळणी रोज धुणे, या जगभर सांगितल्या गेलेल्या उपायांचा विचार मागील लेखांकात झाला. हे सारे उपाय एकाहून अधिक खोल्या आणि पुरेसे नळाचे पाणी गृहीत धरतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील अंगणवाडीत मात्र एक खोली, एक सेविका आणि एक मदतनीस एवढाच सरंजाम असतो. त्यामुळे मार्च २०२० मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या तेव्हा केंद्रात संसर्ग कसा रोखावा हा प्रश्न येथे मागे पडला आणि केंद्राचे काम खोलीविना कसे चालावे, हा खरा प्रश्न पुढे आला.

या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात एकदा शोधले गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले काम पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे ‘अंगणवाडी’ ही कल्पना रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत हे नाव देशभर गेले खरे, पण अंगण मागे राहिले आणि खोली आली. टाळेबंदीत सेविका पुन्हा दारोदार फिरू लागल्या. मात्र सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’सारख्या आरोग्य सर्वेक्षणांचा भारही अनेकींवर आला, आणि ज्या पायांनी आहार पोहोचवायचा त्याच पायांनी ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत हिंडायचे, अशी ओढाताण झाली.

आहार घरी पोहोचला, तरी शिजलेला गरम आहार आणि कोरडा शिधा या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. अंगणवाडीच्या पंगतीत मुलाच्या ताटात पडलेली खिचडी त्याच्याच पोटात जाते, तर घरी आलेली डाळ आणि कडधान्य रोजगार बुडालेल्या सगळ्या कुटुंबाच्या हंडीत शिजते. त्यात शिध्यातला गहू हे भात आणि नागलीवर वाढलेल्या घरांचे नेहमीचे धान्य नव्हे. पाड्यावर गिरणी नसेल तर त्याच्या दळणासाठीही पायपीट आलीच. आईने तो शिधा घरात वाटून घेतला यात तिचा दोष काढणे अन्यायाचे होईल.

याहून मोठी तूट वजनाची होती. काट्याला टांगलेल्या एकाच झोळीत एकामागून एक मुले बसवून वजन घेण्याच्या रीतीत संसर्गाचा धोका उघड असल्याने टाळेबंदीत हे काम ठिकठिकाणी थांबले. कुपोषण आणि आजार यांचे चक्र असते: अर्धपोटी मुलाला जुलाब किंवा ताप लवकर गाठतो, आजारात भूक मरते आणि पुढचा आजार अधिक जड जातो. हे चक्र बहुधा आधी वजनाच्या नोंदीतच दिसत असल्याने नोंद थांबणे म्हणजे नेमकी इशाऱ्याची वेळ हुकणे होते. १९९२ मध्ये वावर-वांगणीत बालमृत्यू पाहिलेल्या जव्हार तालुक्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती दंडघेर पट्टी, म्हणजे सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्यभागी घेर मोजणारी रंगीत फीत. घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला तर ती लाल रंग दाखवते आणि मूल तीव्र कुपोषित समजले जाते. ही पट्टी आईच्या हाती देऊन तिलाच मोजायला शिकवण्याचा मार्ग साथीच्या काळात अनेक देशांत अवलंबिला गेला. त्यात सेविकेला मुलाला हात लावावा लागत नाही. अक्षरओळख नसलेल्या आईलाही लाल रंग वाचता येतो, हा या साधनाचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

जिल्ह्याच्या बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात चित्र निराळे होते. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, असे प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ठरवले. पण ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम करणाऱ्या आईपर्यंत ही सोय क्वचितच पोहोचते, आणि तिचे मूल चाळीत थोरल्या बहिणीच्या कडेवरच वाढते. २०२० च्या उन्हाळ्यात श्रमिक रेल्वेगाड्यांनी परप्रांतीय कुटुंबे गावी गेली, तेव्हा त्यांची मुले येथील अंगणवाडीच्या पटावरून गेली. गावच्या पटावर ती चढलीच असतील असे नाही.

पटावरून निसटण्याची ही वाट जव्हार-मोखाड्याला जुनीच आहे, कारण दिवाळीनंतर तेथील कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात. पटावर नसलेले मूल लशीलाही सहज मुकते. साथीत लसीकरणाची सत्रे खंडित झाली आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. गोवर रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना लशीच्या दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. या दोन मात्रांच्या मध्ये वीटभट्टीचा एक हंगाम सहज येतो, म्हणून स्थलांतरित मुलाच्या बाबतीत माता व बाल संरक्षण कार्ड केंद्राच्या कपाटात न ठेवता आईच्या गाठोड्यात असणे आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीने ते पाहून मुलाला त्याच दिवशी पटावर घेणे आवश्यक ठरते.