कानातल्या पेशी उष्णतेला कशा तोंड देतात

माणसाच्या एका कानात ऐकण्याचं काम करणाऱ्या केशपेशी जेमतेम पंधरा हजार. त्यांची संख्या जन्माआधीच ठरते. पुढे भर पडत नाही. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशी पुन्हा तयार होतात, हे १९८०च्या दशकात दिसलं. आपल्या कानाला ती सोय नाही. म्हणून आहेत त्या पेशी वाचवायच्या कशा, हाच मला या विषयातला सर्वांत निकडीचा प्रश्न वाटतो.

त्याच्या उत्तराचा एक धागा फळमाशीपर्यंत जातो. इटलीतले फेरुच्चिओ रितोस्सा तिच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं पाहत होते. उबवणपेटीचं तापमान चुकून वाढलं आणि गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे दिसले. हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथल्या जनुकांपासून बनणारी हीट शॉक प्रथिनं पुढे १९७४ मध्ये सापडली. उष्णतेनं इतर प्रथिनांची घडी विस्कटते, ती सावरणं हे त्यांचं काम. विषारी औषधानं वा आवाजाच्या माऱ्यानं पेशीवर ताण आला, तरी हीच यंत्रणा जागी होते.

१९९९ मध्ये उंदरांच्या शरीराचं तापमान पाव तास ४१.५ अंशांवर नेण्यात आलं आणि काही तासांनी त्यांना मोठा आवाज ऐकवला गेला. त्यांच्या श्रवणाची कायमची हानी कमी झाली. मात्र हे संरक्षण अल्पकाळच टिकलं. पुढे संशोधक लिसा कनिंगहॅम यांनी उंदराच्या कानातला तोल सांभाळणारा भाग बशीत जिवंत ठेवून आधी तापवला, मग त्यावर निओमायसिन हे केशपेशी मारणारं प्रतिजैविक घातलं. तिथल्या केशपेशी मोठ्या संख्येनं वाचल्या.

खरी नवलाई २०१३ मध्ये कळली. एचएसपी७० हे हीट शॉक प्रथिन केशपेशी स्वतः फारसं बनवतच नव्हत्या. ते बनवत होत्या त्यांना खेटून असलेल्या आधारपेशी, आणि बनवून बाहेर सोडत होत्या. बाहेर आलेलं हे प्रथिन अडवलं, की केशपेशींचं संरक्षणही घटायचं. आधारपेशींना आपण इतकी वर्षं नुसता टेकू समजत आलो. औषध शोधणाऱ्यांनी आता लक्ष त्यांच्याकडे वळवायला हवं. शरीर तापवणं हा मात्र माणसासाठी उपाय नव्हे; तेवढा ताप जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे या संशोधनाचं मोल फार मोठं आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि कॅनामायसिन निओमायसिनच्याच कुळातली. क्षयरोगावर त्यांची इंजेक्शनं घेऊन जीव वाचलेल्या कित्येकांचं ऐकणं गेलं. आता तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांवर भर आहे, ही मोठी दिलाशाची गोष्ट. कर्करोगावरचं सिसप्लॅटिन मात्र आजही सर्रास वापरलं जातं, आणि तेही केशपेशी मारतं. घरात कुणाला यांपैकी औषध सुरू होणार असेल, तर पहिल्या डोसाआधी श्रवणचाचणी करून घ्या आणि उपचार चालू असताना ती पुन्हा करा. आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि रोजच्या बोलण्यात ते लवकर लक्षात येत नाही.