डासांचा पाण्यांतील वैरी : चतुर

पावसाळा सरत आला, भात निसवलें, कीं खाचरांवर चतुर थव्याथव्यांनीं घिरट्या घालूं लागतात. पोरें त्यांच्या शेपटीस दोरा बांधून खेळतात. परंतु हा कीटक आपला केवढा साह्यकर्ता आहे, याचा विचार थोडेच शेतकरी करतात.

सन १८९७ मध्यें रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथें डासाच्या जठरांत हिवतापाचे परोपजीवी आढळले व डासाचें खरें स्वरूप जगास कळूं लागलें. डासाची मादी सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालते. उबदार हवेंत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. चतुराची मादीही पाण्यांतच किंवा पाण्याकांठीं अंडीं घालते. तिची अळी मातकट रंगाची व सहा पायांची असून तळच्या गाळांत किंवा शेवाळांत दबा धरून बसते. तिचा खालचा ओठ डोक्याखालीं मुडपलेला असतो व त्याच्या टोकास चिमट्यासारखे आंकडे असतात. भक्ष्य टप्प्यांत येतांच हा ओठ झटकन् पुढें जाऊन त्यास पकडतो. मोठी अळी एका दिवसांत डासांच्या डझनावारी अळ्या फस्त करते. पंख फुटल्यावर हाच चतुर उडते डास टिपतो.

पाटण-जावळीकडील भातखाचरें, सांगलीकडील जुन्या विहिरी व शेततळीं, जेथें पाणी टिकतें व कडेला गवत असतें, तेथें ही राखण फुकट चालते. मात्र आपणच ती मोडतों. फवारणीचा पंप तळ्यांत धुतला किंवा उरलेलें औषध चारींत ओतलें, तर डासांच्या अळ्यांबरोबर चतुराच्याही मरतात. डास आठवड्या-दोन आठवड्यांत परत येतो. चतुराची अळी वाढण्यास मात्र जातीपरत्वें कित्येक आठवडे, कधीं अनेक महिने लागतात. मधल्या काळांत डासांस मोकळें रान मिळतें.

तथापि सर्व भार चतुरावर टाकूं नये. कृष्णाकांठच्या चिबड जमिनींतील डबकीं त्याची अळी वाढण्यापूर्वीच आटतात. तेथें चर खणून पाण्याचा निचरा करणें व उसास बेताचें पाणी देणें हाच उपाय. डेंगीचा डास तर घरांतील रांजण, पिंपें व टाकलेले टायर यांतील पाण्यांत वाढतो. तेथें चतुर येत नाहीं. म्हणून भांडीं आठवड्यांतून एकदां रिकामीं करून, घांसून कोरडीं करावीं व नंतर झांकून ठेवावीं.

शेतांतलें पाणी चतुरानें राखावें, घरांतलें आपण राखावें. आणि पोरांस तेवढा दोरा सोडण्यास सांगावें.