मिळून आला नाही : थकलेल्या पोटगीचा माग

दोनशे पानी साधी वही आहे. पट्टीने रेघा मारून चार रकाने केलेले आहेत : महिना, देणे, आले, शेरा. पहिली ओळ मार्च २०१३ची, शेवटची जून २०२५ची. एकूण १४८ ओळी. ‘देणे’च्या रकान्यात दरमहा २,००० हा एकच आकडा खाली उतरत जातो. ‘आले’चा रकाना बहुतेक कोरा आहे. पण वाचण्यासारखा रकाना आहे तो शेऱ्याचा. ‘वकील आले नाहीत.’ ‘साहेब रजेवर.’ ‘वॉरंट काढले.’ ‘वॉरंट परत.’ ‘जत्रेला आला होता म्हणतात.’ आणि पुन्हा पुन्हा, न्यायालयाच्या कागदावरून जसेच्या तसे उतरवून घेतलेले वाक्य : ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’

ही वही एका तालुक्याच्या न्यायालयात, व्हरांड्यातल्या बाकावर, एका बाईंनी मला दाखवली. मी वकील नाही. कायद्याची पुस्तके मी शिकले आहे ती गरजेपुरती, वाचून आणि विचारून. पोटगी कशी मंजूर होते, स्त्रीला किती मिळावी, कोणत्या धर्माच्या कायद्याने मिळावी यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मंजूर झाल्यावर ती हातात कशी पडते, यावर फार थोडे. वहीतला मधला कोरा रकाना त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि तो प्रश्न मुलाचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण व्हरांड्यातसुद्धा तिच्याबद्दल गोंधळ असतो. बायकोची पोटगी आणि मुलाची पोटगी हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडे राहायला नकार दिला, असे सिद्ध झाले तर बायकोचा दावा फेटाळला जाऊ शकतो. मुलाला ती अट लागू नाही. आई कशी वागली, ती कमावते का, ती मुलाला भेटू देते का, यांपैकी कशानेही बापाची मुलाप्रतीची जबाबदारी संपत नाही. औरस-अनौरस हा भेदही या कलमात नाही. १९८६च्या कायद्याने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीची वाट वेगळी केली, पण तिच्या मुलांचा हक्क अबाधित राहिला, हे सर्वोच्च न्यायालयाने नूर सबा खातून प्रकरणात १९९७ साली स्पष्ट केले. वहीवाल्या बाईंच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. त्यांचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला आणि मुलाचा मंजूर झाला. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता.

‘टाकलेली’ हा शब्द मराठीत बाईसाठी आहे. संगमनेरच्या ॲड. निशा शिवूरकर यांनी अशा स्त्रियांच्या चळवळीवर जे पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ असे आहे. ‘टाकलेलं मूल’ म्हटले की मात्र आपल्याला देवळाच्या पायरीवर ठेवलेले तान्हे बाळ आठवते. बापाने टाकलेले पण आईच्या कडेवर असलेले मूल, याला आपल्या भाषेत वेगळा शब्द नाही. त्याची मोजदाद आईतच होते.

कायदा जुना आहे. १८६१च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून ही तरतूद आहे आणि १८९८च्या संहितेत ती कलम ४८८ म्हणून ओळखली जात होती. कुटुंबाच्या प्रश्नासाठी फौजदारी कायदा का? तर सरकारचा हेतू कौटुंबिक नव्हताच. उपाशी बायका-मुले रस्त्यावर येऊन भीक मागू नयेत, भुरटेगिरीकडे वळू नयेत, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था बिघडू नये, एवढाच होता. म्हणून रक्कमही उपासमार टळेल इतपतच. १८९८च्या संहितेत कमाल ५० रुपये, १९२३ साली १००, १९५५ साली ५००. १९७३च्या नव्या संहितेत कलमाचा क्रमांक १२५ झाला, पण पाचशेची मर्यादा तशीच राहिली. ते पाचशे बायको-मुले सगळी मिळून की प्रत्येकी, हा वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी ‘प्रत्येकी’ असा निर्वाळा दिला. मर्यादा पूर्णपणे उठली ती २००१ साली. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने आले आहे; मजकूर जवळपास तोच आहे. व्हरांड्यात मात्र अजून सगळे जण ‘एकशेपंचवीस’च म्हणतात.

१९७३च्या संहितेने एक बदल केला, ज्याचे महत्त्व एसटीने प्रवास करणाऱ्यालाच कळेल. त्याआधी नवरा राहतो तिथे, किंवा दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथेच, अर्ज करावा लागे. आता बायको राहते त्या ठिकाणीही करता येतो. माहेरच्या तालुक्यातून दाद मागण्याची ही सोय मिळायला शंभरावर वर्षे लागली.

आता वसुली. आदेश मोडला की त्याच न्यायालयात वसुलीचा अर्ज करायचा. न्यायदंडाधिकारी आधी वॉरंट काढतो, दंड वसूल करतात त्या पद्धतीने. म्हणजे जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्याला पत्र : ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करा. हे दुसरे हत्यार ग्रामीण महाराष्ट्रात खरे तर धारदार आहे. बापाच्या नावावर सातबारा असेल तर प्रकरण तहसीलदारामार्फत तलाठ्यापर्यंत येऊ शकते आणि सोसायटीच्या कर्जाला घाबरणारा माणूस त्यालाही घाबरतो. पण बऱ्याचदा तोवर हक्कसोड पत्र होऊन जमीन भावाच्या नावावर गेलेली असते. यावरही उत्तर आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९नुसार, जमिनीच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क असेल, तर तो फुकटात जमीन घेणाऱ्याविरुद्ध, किंवा हक्काची माहिती असून घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. शिवाय हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलगा-मुलगी जन्मतःच हिस्सेदार असतात. बापाने आपला हिस्सा सोडला म्हणून मुलाचा सुटत नाही. पण त्यासाठी वेगळा दिवाणी दावा, वेगळा वकील आणि वेगळी वर्षे लागतात. दोन हजारांसाठी इतके कोण करील?

वॉरंट बजावूनही पैसे आले नाहीत, तर प्रत्येक थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद देता येते. पैसे भरले तर त्याआधी सुटका. एकाच अर्जावर बारा महिन्यांची थकबाकी असेल तर बारा महिने कैद देता येते की एकच महिना, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. मात्र एका बाबतीत मतभेद नाहीत. ‘मी महिनाभर आत बसून आलो, आता हिशेब मिटला’ हे वाक्य मी व्हरांड्यात स्वतः ऐकले आहे, आणि ते चूक आहे. कुलदीप कौर प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की कैद हे वसुलीचे साधन आहे, देणे फेडण्याचा प्रकार नव्हे. देणे फिटते ते पैसे दिल्यानेच.

इथपर्यंत कायदा बळकट दिसतो. तो लंगडा पडतो तो दोन जागी.

पहिली जागा म्हणजे वर्षाची मुदत. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. देणे नाहीसे होत नाही, पण हातातले सोपे हत्यार जाते. वहीत २०१६-१७चे एक पान आहे. त्या काळात बाईंचे वडील आजारी होते, तारखांना जायला कोणी नव्हते. एकोणीस महिन्यांनी त्यांनी अर्ज केला. सात महिने बाद झाले. सात ओळींवर तिरकी रेघ आहे आणि शेऱ्यात फक्त ‘१४,०००’. बापाने बुडवले त्याची शिक्षा मुदत न पाळणाऱ्या आईला, आणि तिच्यामार्फत मुलाला. उधारीच्या साध्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. दुधाच्या पैशांना एक. यामागे ‘बाईने थकबाकी साठवून नवऱ्याला एकदम कोंडीत पकडू नये’ असा युक्तिवाद दिला जातो. मला तो कधीच पटलेला नाही.

दुसरी जागा म्हणजे तेच ‘मिळून आला नाही’. माणूस हरवलेला नसतो. तो एमआयडीसीत ठेकेदाराकडे असतो, ऊसतोडीला गेलेला असतो, पुण्यात रिक्षा चालवत असतो. गावाला ठाऊक असते. पण समन्स आणि वॉरंट जाते ते अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर, आणि नवा पत्ता आणून देणे ही अर्जदाराची जबाबदारी धरली जाते. पोलीस ठाण्यात मिळणारे उत्तर ठरलेले असते : ‘बाई, तो आला की फोन करा, आम्ही येतो.’ म्हणजे ज्या माणसाने घर सोडले त्याच्यावर पाळत ठेवायची ती घर सांभाळणाऱ्या बाईने. ‘जत्रेला आला होता म्हणतात’ हा शेरा अशा पाळतीचा आहे. फोन केला होता. त्या दिवशी बंदोबस्त होता.

बाप पगारदार असेल तर चित्र बरेच बदलते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०मध्ये एक तरतूद आहे, ती मला या सगळ्या कायद्यातली सर्वांत माणुसकीची वाटते. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र सुरक्षित राहतो तो फक्त एक-तृतीयांश. म्हणजे बँकेपेक्षा आणि सावकारापेक्षा मुलाचा घास आधी, हे कायद्याने आकड्यात लिहून ठेवले आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यातही, पैसे थकले तर मालकाला थेट बाईंना पगारातून रक्कम द्यायला सांगण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला आहे. पण रोखीने, हजेरीपटाबाहेर मजुरी घेणाऱ्याचा ‘मालक’ कोण, हे पुन्हा बाईनेच शोधायचे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम घालून दिले. तिथेही अंतरिम पोटगी बायको आणि लहान मुलगा दोघांना मंजूर होऊन वर्षे गेली होती. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. आणि आदेशाची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखीही करता येईल. प्रतिज्ञापत्राचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. ‘मी बेकार आहे’ असे तोंडी सांगणे सोपे असते. बँक खात्याचे उतारे जोडून तेच सांगणे अवघड जाते. अर्थात, जो हजरच होत नाही तो प्रतिज्ञापत्र कुठून देणार?

इतर देशांत हा शोध कोणी घ्यायचा, याची उत्तरे वेगळी आहेत. स्वीडनने १९३७ सालीच ठरवले की बापाने दिले नाही तर सरकार मुलाला आगाऊ देईल आणि मग बापाकडून आपल्या नावाने वसूल करील. अमेरिकेत १९७५ पासून त्यासाठी केंद्र आणि राज्यांची यंत्रणा आहे. पगारातून कपात होते, कराचा परतावा अडवला जातो, थकबाकी २,५०० डॉलरपेक्षा जास्त असेल तर पासपोर्ट मिळत नाही. ब्रिटनने १९९३ साली अशीच एक संस्था काढली. ती अब्जावधी पौंडांच्या थकबाकीखाली दबून बदनाम झाली आणि तिच्या जागी दुसरी आणावी लागली. तेव्हा यंत्रणा असली की सगळे सुरळीत होते, असे नाही. पण तिथे अपयश सरकारच्या खात्यावर मांडले जाते. आपल्याकडे ते एका बाईच्या वहीत असते.

लोकअदालतीच्या दिवशी तडजोडीचा प्रस्ताव येतो : एक लाख थकले आहेत, चाळीस हजार एकरकमी घ्या आणि प्रकरण मिटवा. बहुतेक जणी घेतात, आणि त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. शाळेची फी जूनमध्ये असते. इतकेच ध्यानात ठेवावे की आईने सही केली म्हणून मुलाचा पुढच्या पोटगीचा हक्क संपत नाही.

वहीवाल्या बाईंनी तडजोड केली नाही. १४८ महिन्यांचे २,९६,००० रुपये झाले. त्यांपैकी आले ८४,०००, तेही सगळे अटकेचे वॉरंट निघाल्यानंतरच्या आठवड्यांत, थोडेथोडे. उरले २,१२,०००. कलमाखालची मुलाची पोटगी अठराव्या वर्षी थांबते; आधीचे देणे थांबत नाही. मुलगा गेल्या जूनमध्ये अठरा वर्षांचा झाला. आता तो आईबरोबर येतो आणि बाकावर बसून मोबाइलवर प्रकरणाची स्थिती तपासतो. शेवटच्या पानावरची बेरीज त्याच्या अक्षरातली आहे. जूनच्या खाली त्याने रेघ मारली आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात पुढची तारीख लिहिली आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतरची.