किलाकित्सोक : उजाड वस्ती, बोलके अवशेष

पश्चिम ग्रीनलँडमध्ये, उम्मानाक फ्योर्डच्या काठावर किलाकित्सोक ही जुनी इनुइट वसाहत आहे. क्रूझवरचे प्रवासी रबरी होडीतून इथे उतरतात. नजरेत भरतं ते गवत. शिकारीचा टाकाऊ भाग वर्षानुवर्षं साचून माती सुपीक झाली की वस्तीची जागा आसपासच्या माळापेक्षा हिरवी दिसते. त्या गवतातले उंचवटे म्हणजे दगड आणि गवताळ मातीच्या ढेपांनी रचलेल्या हिवाळी घरांच्या भिंती. अशा घराचा बोगद्यासारखा प्रवेशमार्ग आतल्या जमिनीपेक्षा खोल ठेवत. थंड हवा जड, ती तिथेच अडायची. उंच ओट्यावर झोपणाऱ्यांना ऊब मिळायची. लाकडाची टंचाई असलेल्या मुलखातलं हे अस्सल स्थापत्यज्ञान आहे.

१९७२ मध्ये जवळच्याच एका कड्याखाली शिकारीला गेलेल्या दोघा भावांना दफनस्थळ सापडलं : सहा स्त्रिया आणि दोन मुलं. मृतदेह साधारण १४७५ च्या सुमाराचे. थंड, कोरड्या हवेने ते आपोआप टिकले. सहापैकी पाच स्त्रियांच्या चेहऱ्यावर गोंदण होतं. अंगावर सीलच्या कातड्याचे कपडे, आत पक्ष्यांच्या पिसांसकट कातड्याचे अंगरखे. त्यांतले काही देह नूकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

भिंतींवर चढू नये, दगड हलवू नये, हाडाचा तुकडाही उचलू नये. ग्रीनलँडमध्ये १९०० पूर्वीच्या अवशेषांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि इथल्या माणसांचे वंशज आजही याच बेटावर राहतात.