टर्मिनलवरून आयपी : आयएफकॉन्फिगच्या पुढे

युनिक्सच्या यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता टर्मिनलवरून देण्याची रीत जुनी आहे. १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यासोबत आयएफकॉन्फिग ही कमांड आली. एका कार्डाला एक पत्ता, एवढ्यावर तेव्हा भागत असे.

पुढे पसारा वाढला. एकाच कार्डावर अनेक पत्ते आले, आयपीव्ही६ आले, राउटिंगची एकाहून अधिक टेबले आली. हे सगळे पेलण्यासाठी लिनक्सच्या २.२ कर्नलच्या काळात, म्हणजे १९९९च्या सुमारास, अलेक्सेई कुझनेत्सोव्ह यांचा आयपीरूट२ हा संच पुढे आला. त्यातल्या ‘आयपी’ या कमांडने दिलेला दुसरा पत्ता लेबल नसेल तर आयएफकॉन्फिगला दिसतच नाही. कार्डावर चालू असलेला पत्ता जे दाखवत नाही, ते साधन बिघाड शोधायला घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. डेबियन या लिनक्स वितरणाने तर २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून आयएफकॉन्फिग आपणहून बसवणेच थांबवले.

नव्या कमांडची शिस्त मात्र कडक. ‘आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह ईथ०’ यातला ‘/२४’ हा मास्क गाळून बघा. कमांड मुकाट चालते, पत्ताही लागतो. पण मास्क ‘/३२’ धरला जातो. म्हणजे त्या पत्त्यापुरते यंत्राच्या लेखी नेटवर्कमध्ये ते एकटेच. शेजारच्या प्रिंटरकडे जाणारा थेट मार्ग तयारच होत नाही आणि माणूस केबल तपासत बसतो. आयएफकॉन्फिग अशा वेळी पत्त्याच्या जुन्या वर्गावरून मास्क ठरवत असे, म्हणून ही चूक तिथे अनेकदा झाकली जाई.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘आयपी’ने केलेला बदल चालू कर्नलपुरता असतो, रीस्टार्ट केले की गेला. तो टिकवायचा तर एनएमसीएलआय, नेटप्लॅन किंवा सिस्टिमडी-नेटवर्कडी यांपैकी जे त्या यंत्रावर असेल त्यात लिहावा लागतो. विंडोजचे उलटे आहे. नेटएसएच किंवा पॉवरशेलने दिलेला पत्ता, वेगळे सांगितले नाही तर, कायम राहतो. दोन्हीकडे काम करणाऱ्यांची गल्लत इथेच होते. विंडोजचीच आयपीकॉन्फिग ही कमांड मात्र मुख्यतः पत्ते दाखवते. फार तर डीएचसीपीचा पत्ता सोडते आणि नवा मागते.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरून पत्ता बदलणे हे सर्वांत जोखमीचे काम. पत्ते पुसणारी ‘आयपी ॲड्रेस फ्लश’ चुकीच्या कार्डावर चालवली की आपण बसलेली फांदी आपणच तोडली. मग कन्सोलची सोय नसेल तर सर्व्हरपाशी जाण्यावाचून गत्यंतर नाही. उबुंटूवरचे ‘नेटप्लॅन ट्राय’ यासाठीच आहे. नवी सेटिंग लावून ते १२० सेकंद थांबते आणि तेवढ्यात एंटर दाबले नाही तर जुनी परत आणते.

नेटवर्किंग शिकवणाऱ्यांना विनंती आहे : पहिल्या प्रॅक्टिकलला ‘आयपी ॲड्रेस शो’ घ्या आणि ‘नेटप्लॅन ट्राय’ परीक्षेच्या आधी एकदा तरी मुलांच्या हातून करून घ्या.