गळालेले मणी आणि चौथ्या मजल्यावरचा फ्रीझर

परीक्षेचं टाइमटेबल लागलंय. पंखा पाचवर आहे, तरी गरम हवाच फेकतोय. मेसमधली पोळी-भाजी दुपारी घशाखाली उतरत नाही. एप्रिलमधलं हॉस्टेल म्हणजे हेच, बरोबर ना? मग आपण काय करतो, तर खाली उतरतो आणि रोज काहीतरी गार विकत घेतो. महिनाअखेरीला पाकीट रिकामं आणि पोटात नुसतं साखरेचं पाणी!

यावर आमच्या मजल्यावर एक उपाय सापडला. पण आधी गेल्या वर्षीची गोष्ट सांगते.

माझी रूममेट तासगावकडची. घरची द्राक्षबाग. गेल्या एप्रिलमध्ये ती एसटीने आली ती दोन पिशव्या भरून मणी घेऊनच. मणी म्हणजे घडातून गळालेली सुटी द्राक्षं. पेटीत भरायला व्यापाऱ्याला अख्खे, देखणे घड लागतात. सुट्या मण्यांना कवडीमोल भाव. चवीला मात्र तीच द्राक्षं, कधी कधी जास्तच गोड. आम्ही पहिल्या दिवशी मूठ-मूठ खाल्ले. मग पेपर सुरू झाले आणि पिशव्या कॉटखाली गेल्या. तिसऱ्या दिवशी खोलीत आंबूस वास सुटला. ती काही न बोलता पिशव्या उचलून खाली टाकून आली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मध्ये औषधं, पाणी, अवकाळीची धास्ती, हे सगळं तिने लहानपणापासून पाहिलंय. त्या दिवशी तिचा चेहरा बघून आम्हालाच कसंतरी झालं.

या वर्षी ती पुन्हा मणी घेऊन आली. या वेळी ते कॉटखाली न ठेवता आम्ही थेट कॉमन फ्रिजच्या फ्रीझरमध्ये टाकले. आणि मग एक-एक फळ करून बघायचा नादच लागला.

द्राक्षाच्या गोट्या

सगळ्यात सोपा प्रकार. द्राक्षं दोन-तीन पाण्यांतून नीट धुवा, देठ काढा आणि पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. इथे आळस नको. ओली राहिली तर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो. ताटलीत एकाच थरात पसरून तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग डब्यात भरा. आता हव्या तेवढ्याच सुट्या काढता येतात.

द्राक्ष बर्फासारखं टणक का होत नाही माहितीये? शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण १६ ग्रॅम साखर असते. साखर विरघळलेली असली की पाणी शून्य अंशाला पूर्ण गोठत नाही. त्यामुळे आतला गर सरबताच्या बर्फासारखा मऊसर राहतो. गोठवण्याआधी वरून लिंबू पिळून चाट मसाला भुरभुरवला, तर अभ्यासाला बसल्यावर तोंडात टाकायला याहून भारी काही नाही.

केळ्याचं ‘आइस्क्रीम’

सालीवर काळे ठिपके आलेली, कुणी हात न लावणारी केळी यासाठीच राखून ठेवा. साल आधीच काढा, कारण गोठलेली साल निघता निघत नाही. चकत्या करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सुरुवातीला नुसता रवाळ चुरा दिसेल आणि वाटेल, बिघडलं! धीर धरा. बाजूचं खाली ढकलून आणखी फिरवा, अडलंच तर चमचाभर दूध घाला. एकाएकी ते घट्ट, गुळगुळीत होतं. साय नाही, साखर नाही, तरी आइस्क्रीमसारखं लागतं. दोन केळी दोघींना पुरतात. आम्ही त्यात मेसमधून मागून आणलेलं शेंगदाण्याचं कूट घालतो.

कलिंगडाची कांडी

कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी. त्याच्या फोडी तशाच गोठवल्या तर दातच हलतील. म्हणून बिया काढून गर मिक्सरमधून फिरवा, त्यात लिंबू, चिमूटभर काळं मीठ आणि थोडी साखर घाला. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. त्यामुळे चव घेताना रस किंचित जास्त गोड वाटला पाहिजे.

साचा नाही? चहाचे स्टीलचे छोटे पेले घ्या. काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा, कारण पाणी गोठताना फुगतं. तासा-दीड तासाने अर्धवट जमलं की मधोमध काडी खोचा. आधी खोचली तर आडवी होते. रात्रभर ठेवा आणि काढताना पेला काही सेकंद साध्या पाण्यात धरा. कांडी अलगद सुटते. आंब्याचा रस आणि दही अशीही कांडी छान होते. कोकणातल्या मैत्रिणीकडून कोकमाचं आगळ मिळालं तर साखर-पाणी घालून तेही करून बघा.

फ्रीझर नाही? मीठ आहे ना!

खोली घेऊन राहणाऱ्यांकडे फ्रिज नसतो, मान्य. पण आजीच्या काळातला आइस्क्रीमचा पॉट आठवा. मोठ्या डब्यात बर्फाचा चुरा घाला, तीन वाट्या बर्फाला एक वाटी खडे मीठ टाका आणि मधोमध घट्ट झाकणाचा छोटा स्टीलचा डबा ठेवा. त्यात कुठल्याही फळाचा गोड रस. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळताना आतल्या डब्यातली उष्णता ओढून घेतो. डबा फिरवत राहा, मध्येच उघडून कडेचं जमलेलं खरवडा. वीस-पंचवीस मिनिटांत चमच्याने खाण्याजोगं होतं. डबा फडक्यात धरा, उघड्या हाताने धरलात तर बोटं चांगलीच चुरचुरतील.

आता बर्फाचं. २०१८ पासून आपल्या राज्यात अखाद्य बर्फाला निळसर रंग देणं बंधनकारक आहे. असा बर्फ बाहेरच्या डब्यात चालेल, पण त्याचा एक थेंबही रसात जाता कामा नये. झाकण उघडण्याआधी डबा पुसून घ्या. पोटात जाणारा बर्फ मात्र आपल्या पिण्याच्या पाण्याचाच हवा.

हे विसरू नका

• थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. त्यामुळे फळं, हात आणि डबे आधी स्वच्छ हवेत.
• गोठलेलं फळ वितळलं की लिबलिबीत होतं, कारण बर्फाच्या कणांनी त्याच्या पेशी फुटतात. म्हणून गोठलेलंच खा. वीज गेली आणि सगळं वितळलं, तर लगेच मिक्सरमधून काढून सरबत करून प्या. पुन्हा गोठवत बसू नका.
• घरी लहान भाचे-पुतणे असतील तर अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकू शकतं. उभे चार तुकडे करा.
• हे जेवण नाही! उन्हातून येऊन चक्कर येत असेल तर सावली, पाणी आणि गरज वाटली तर डॉक्टर.
• कॉमन फ्रीझरमधल्या डब्यावर नाव आणि तारीख लिहा. नाव लिहूनही डबा रिकामा सापडेल, ती तयारी ठेवा.

आमचे मणी या वर्षी सहा दिवस पुरले. सातव्या दिवशी शेजारच्या खोलीतली एक जण दार वाजवून विचारायला आली, “मणी संपले का गं? पुढच्या वेळी आमच्यासाठी पण आण ना, पैसे देऊ.” रूममेटने तेव्हाच घरी फोन लावला. “पप्पा, मणी ठेवा. इथे मुली मागतायत,” एवढंच म्हणाली. पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हसत होती.

तुमच्याही घराकडून या सुट्टीत चिकू, आंबे, जांभळं असं काहीतरी पिशवी भरून येईलच. कॉटखाली ठेवू नका!